ठेवा कोणाच्या नावे मोजावा? एका पत्त्यांच्या खेळातील गुणांकनाचे प्रकरण

अमरावती जिल्ह्याच्या चांदूरबाजार तालुक्यातील एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात उन्हाळी सुटीत मुलांसाठी पत्त्यांचा एक खेळ तयार करण्यात आला. एक राज्य मावळत आहे, त्याच्याबरोबर त्याची विद्याही लोपणार आहे, आणि खेळणाऱ्यांनी तिच्यातले जमेल तेवढे पुढच्या काळाच्या हाती सोपवायचे आहे, अशी त्यामागची कल्पना होती. खेळाचे नाव ‘ठेवा’ असे ठरले. मुलांना कल्पना आवडली, पत्ते देखणे झाले आणि नियम समजायला सोपे होते. तरीही सुरुवातीच्या डावांतच लक्षात आले की हा खेळ आपल्या हेतूच्या नेमका उलट धडा देतो आहे, कारण ज्याने विद्या सर्वांत घट्ट कोंडून ठेवली तोच दर वेळी जिंकत होता. हा दोष कोठून आला, तो काढण्यासाठी कोणते उपाय पुढे आले आणि अखेर गुण मोजण्याचा नियमच का बदलावा लागला, याची ही नोंद आहे. प्रस्तुत लेखकाचा या रचनेत सल्लागार म्हणून सहभाग होता.

परिसर आणि विषयाची निवड

खेळ बांधण्याचे काम प्रामुख्याने दोघांनी केले: वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडम आणि गावच्या शाळेत इतिहास शिकवणारे सर. खेळणारी मुले सातवी ते दहावीची होती. लग्नसराई नुकतीच आटोपल्यामुळे घरोघरी लग्नपत्रिकांचे ढीग पडले होते. त्यांचा जाड कागद मुलांनी एका मापाने कापला, कोऱ्या बाजूवर स्केचपेनने चित्रे काढली आणि संपूर्ण कॅट गावातच तयार झाला.

राज्य काल्पनिक असावे असे मॅडमचे म्हणणे होते. सरांनी मात्र वाकाटकांचा, म्हणजे विदर्भातल्या एका प्राचीन राजघराण्याचा, आग्रह धरला, आणि त्यांचा आग्रह रास्त होता. या गावापासून अचलपूर फार लांब नाही, आणि अचलपूरजवळच्या चमक या गावी १८६८च्या सुमारास शेत नांगरताना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडलेला आहे. चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यावर आहे, आणि ते चर्मांक म्हणजेच आजचे चमक. कोरीव लेखांचे इंग्रज अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी हा लेख १८८८ मध्ये आपल्या संग्रहात छापला. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे सर्व कोरीव लेख १९६३ मध्ये एका खंडात एकत्र आणले. मुलांना अचलपूर ठाऊक होते, चमक ठाऊक होते. तिथल्या मातीतून दीड हजार वर्षांपूर्वीचे राज्य वर आले होते, हे ठाऊक नव्हते.

वाकाटकांच्या दोन शाखा होत्या. एक नंदिवर्धन आणि प्रवरपूर येथे, म्हणजे रामटेकच्या परिसरात, आणि दुसरी वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशीमला. वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात राज्य वैभवाच्या शिखरावर होते. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे त्याचा सचिव वराहदेव याने कोरवून घेतले. आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस, हरिषेणानंतर फार काळ न लोटता, हे राज्य नाहीसे झाले. शिखरावरून थेट अंधारात गेलेले राज्य, तेही घरचे, खेळासाठी यापेक्षा योग्य विषय सापडला नसता.

दुसरा संदर्भ तितकाच जवळचा होता. रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ झाले. गावात महानुभाव पंथाची घरे आहेत. त्यांतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आधीच सांगितले की ग्रंथातले वचन पत्त्यावर घालू नका, कारण डावात तो पत्ता कोणीतरी टाकून देणार. ही सूचना कोणतीही चर्चा न करता मान्य झाली. ग्रंथ कसा गेला आणि कसा परत आला, एवढाच भाग नियमांत घेतला, आशयाला हात लावला नाही. माझ्या मते खेळाच्या दृष्टीनेही तेच योग्य ठरले, कारण मुलांचे सारे लक्ष विद्या टिकण्याच्या रीतीवर राहिले.

पहिली रचना

डाव आठ फेऱ्यांचा. प्रत्येक खेळाडू एका नगराचा राखणदार. विद्येचे पत्ते काव्य, वैद्यक, ज्योतिष, तळी व बांधकाम, आणि दान व हक्क अशा पाच प्रकारांचे, प्रत्येकावर एक ते पाच गुण छापलेले. विद्या राखण्याचे मार्ग तीन होते. पाठांतराला खर्च नाही, पण पत्ता हातातच ठेवावा लागतो आणि त्याच्यासाठी एक शिष्य लागतो. ताडपत्राला एक नाणे लागते, आणि दर तिसऱ्या फेरीला नवी नक्कल केली नाही तर ते वाळवी लागून जाते. ताम्रपटाला तीन नाणी पडतात, पण एकदा कोरला की कोणतेही संकट त्याला स्पर्श करत नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी संकटाचा एक पत्ता उलटायचा: दुष्काळ, परचक्र, साथ, राजधानीचे स्थलांतर, राजाश्रय तुटणे. साथीत शिष्य जातात, परचक्रात ताडपत्रे जळतात. आठवी फेरी संपली की राज्य संपले, आणि ज्याच्या मांडणीत जास्त गुणांचे पत्ते शिल्लक तो विजयी.

कागदावर हे सारे ठीक वाटत होते. प्रत्यक्षात चांगला खेळणारा प्रत्येक मुलगा दुसऱ्याच डावात शहाणा झाला: नाणी साठवायची, मोठ्या गुणांचे तीन-चार पत्ते धरायचे, ते तांब्यावर कोरायचे आणि उरलेल्या फेऱ्या नुसत्या काढायच्या. शिष्याचे पत्ते टाकून दिलेल्या गड्डीत जाऊ लागले. खेळाडूंना एकमेकांची गरजच उरली नव्हती. डाव चालू असताना खोलीत शांतता असे, आणि पत्त्यांच्या डावात मुले शांत बसलेली असणे हेच पुरेसे बोलके होते.

सरांची पहिली हरकत इतिहासाची होती. ताम्रपट हा दानाचा आणि हक्काचा कागद असतो. वैद्यक किंवा काव्य तांब्यावर कोरून ठेवण्याचा तो प्रघात नव्हे. म्हणून पहिली दुरुस्ती अशी झाली की तांब्यावर फक्त दान व हक्क या प्रकारचे पत्ते कोरता येतील. दुरुस्ती बरोबर होती, पण तिने मूळ रोग गेला नाही. मुले आता ताडपत्रे साठवू लागली आणि फेरीमागून फेरी आपल्याच पत्त्यांची नक्कल करत बसली. दुसरा प्रस्ताव संकटे वाढवण्याचा होता. तो एकदा करून पाहिला आणि सोडून दिला, कारण त्याने कौशल्याला वाव कमी झाला आणि नशिबाला वाढला. नाण्यांचे भाव बदलण्याचाही विचार झाला. त्यातून साठवण महाग झाली असती, पण खेळाचा हेतू साठवण हाच राहिला असता.

अडचणीचे खरे स्थान

या टप्प्यावर सरांनी मुलांसमोर दोन काव्यांची हकिगत मांडली, आणि प्रकरणाला वळण मिळाले ते तेथे. दोन्ही काव्ये महाराष्ट्री प्राकृतातली, दोन्ही वाकाटक राजांची. दुसऱ्या प्रवरसेनाचे ‘सेतुबंध’ आज आपल्यासमोर संपूर्ण आहे. त्याची कीर्ती बाणभट्टाने गायिली, दंडीने त्याचा गौरव केला, पुढे शतकानुशतके त्यावर टीका लिहिल्या गेल्या, आणि त्याचा उल्लेख पार कंबोडियातील राजा यशोवर्म्याच्या कोरीव लेखापर्यंत पोचला. वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन याचे ‘हरिविजय’ मात्र आज उपलब्ध नाही. ते एके काळी नावाजलेले होते हे आपल्याला कळते, कारण आनंदवर्धन, कुंतक, हेमचंद्र अशा नंतरच्या शास्त्रकारांनी त्याची दखल घेतली, आणि त्याची जी काही पद्ये उरली तीही अशाच दुसऱ्यांच्या ग्रंथांत उदाहरणे म्हणून आली म्हणून. म्हणजे सर्वसेनाच्या नगरात त्याच्या काव्याची प्रत किती जपली गेली होती, याला आज काही अर्थ उरलेला नाही. जे राहिले ते दुसऱ्याने उतरवून घेतले तेवढे.

त्यापाठोपाठ वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याच्या शिलालेखाची चर्चा झाली. शके ३८०, म्हणजे इ.स. ४५८चा हा लेख वाकाटक देवसेनाच्या काळातला असून सुदर्शन नावाचे तळे बांधल्याची नोंद त्यात आहे. तळे कोणाच्या राजवटीत आणि कोणी बांधले हे दगडाने राखले. पाळ कशी घातली, माती कोणती निवडली, सांडवा कोठे काढला, हे ज्यांना येत होते त्यांच्याबरोबर गेले. खेळात ‘तळी व बांधकाम’ या पत्त्याला चार गुण होते आणि ताडपत्रावर चढवला की ते पक्के होत. एका मुलीने विचारले की पान उरले पण पाळ घालणारा कोणीच उरला नाही, तर चार गुण कशाचे? या प्रश्नाला जुन्या नियमांत उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात एक मुलगा घरच्या पेटीतला कागद घेऊन आला. घडीवर फाटलेला, कडेला पाण्याचे डाग, आणि ओळीवर ओळ मोडी. त्याच्या आजोबांनी तो शेताचा कागद म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपला होता. मुलगा म्हणाला, “आबा म्हनते, लय मोलाचा कागद हाये. पन वाचता कोनालेच येत नाही.” वाचनालयात त्या दिवशी आलेल्या कोणालाही तो वाचता आला नाही. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जात होती, म्हणजे ही लिपी परकी नव्हे, दोन-तीन पिढ्यांपूर्वीची आपलीच आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्यात सुरू झाले तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधत फिरण्याची वेळ सरकारी कचेऱ्यांवर आली होती, याची आठवण सरांनी करून दिली. कागद होते, कपाटे होती, वाचणारे थोडे होते.

चमकच्या ताम्रपटाकडेही मग वेगळ्या नजरेने पाहावे लागले. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये केला. ताम्रपट नांगराला लागला तो त्यानंतर, म्हणजे अशी जुनी अक्षरे वाचणारे विद्वान असताना. हेच पत्रे शंभर वर्षे आधी वर आले असते तर ते तांब्याच्या भावाने विकले जाण्याचीच शक्यता जास्त होती. तेव्हा ज्या ताम्रपटाला आपल्या खेळाने ‘कोणतेही संकट स्पर्श करत नाही’ असे अभय दिले होते, तोसुद्धा प्रत्यक्षात एका वाचकाच्या भरवशावरच टिकला.

दोष आता स्पष्ट झाला होता. गुण राखणदाराच्या मांडणीत काय शिल्लक आहे यावर मोजले जात होते. ते पुढच्या माणसाला काय उघडता येते यावर मोजायला हवे होते.

नवा नियम

कॅटमध्ये लिपीचे पत्ते वाढवले गेले. विद्येचा प्रत्येक पत्ता कोणत्या ना कोणत्या लिपीचा आणि तिची खूण कोपऱ्यात. डावाच्या शेवटी आपल्या मांडणीतील पत्त्याचे गुण तेव्हाच मिळतात, जेव्हा दुसऱ्या किमान एका खेळाडूकडे त्या लिपीचा पत्ता असतो. आपली लिपी आपणच त्याला द्यायची, त्यासाठी आपली एक उतारी खर्च करायची, आणि घेणाऱ्याने ती आपल्या हातातली एक जागा अडवून सांभाळायची. घेणाऱ्याला त्याबद्दल वाचकाचा एक गुण मिळतो.

या मुख्य नियमाला दोन जोडनियम आले. पहिला ‘हरिविजय’वरून सुचला: आपल्या काव्याच्या पत्त्याचे उद्धरण दुसऱ्याच्या मांडणीत ठेवता येते, आणि मूळ पत्ता संकटात गेला तरी उद्धरणाचे निम्मे गुण उरतात. दुसरा रिद्धपूरच्या उदाहरणावरून: नष्ट झालेला पत्ता दोन खेळाडूंनी मिळून, दोघांचाही एकेक शिष्य खर्च करून, परत मांडता येतो, पण तो आडवा ठेवायचा आणि त्यावर पाठभेदाची खूण ठेवायची. गुण पूर्ण मिळतात, मात्र दोघांत वाटून.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती कुलपाच्या पत्त्यावर. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि पंथाबाहेर हे वाङ्मय विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ अज्ञात राहिले. त्या बंदिस्तपणाने ग्रंथ जपले गेले हे खरे, आणि मराठीच्या आरंभकाळचे एवढे मोठे गद्य पंथाबाहेरच्या मराठी वाचकांना शतकानुशतके दिसले नाही हेही खरे. म्हणून कुलूप लावलेला पत्ता परचक्रात सुरक्षित राहतो, परंतु त्याची लिपी देण्यासाठी दोन उताऱ्या लागतात, असे ठरवले. पंथाने लिपी आतल्या आत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली म्हणून ग्रंथ वाचता येत राहिले; नुसत्या कुलपाने ते साधले नसते. ही बाब मुलांना आवर्जून सांगितली गेली.

शेवटी एक सामाईक अट घातली. सर्वांचे उघडलेले गुण मिळून वीसच्या वर गेले नाहीत, तर विजयी कोणीच नाही. राज्याबरोबर विद्याही गेली असे धरायचे.

एक डाव

नव्या नियमांचा परिणाम एका डावात फार स्पष्ट दिसला. चार खेळाडू होते. वत्सगुल्म सांभाळणारी नववीतली मुलगी गावात पत्ते खेळण्यात तरबेज समजली जाते. तिने तीन मोठे पत्ते कुलपात घातले आणि सहाव्या फेरीत परचक्र आले तेव्हा तिचे काहीही गेले नाही. प्रवरपूरच्या मुलाची ताडपत्रे जळाली, पण त्याने आधीच दोन उद्धरणे इतरांकडे ठेवलेली होती, त्यामुळे तो तरला आणि पुढेही राहिला. आठव्या फेरीला बेरीज वीसच्या आत होती. मुलीने एक लिपी दिली असती तर सर्वजण वर गेले असते, पण तिच्याकडची लिपी घेण्याजोगी मोकळी जागा फक्त प्रवरपूरच्याच हातात होती आणि वाचकाच्या गुणाने तो नक्की जिंकला असता.

“मी काहून देऊ? त्याले देलं तं तोच जिंकते,” ती म्हणाली.

“नाही देलं तं तुह्यं बी जाते आन्‌ आमचं बी,” नंदिवर्धनवाला म्हणाला.

तिने दिली नाही. पत्ते उलटले, बेरीज झाली, आणि डाव सर्वांच्या हातून गेला. तिच्या मांडणीत तीन पत्ते शाबूत होते आणि त्यांचे गुण शून्य होते. मॅडमनी त्यावर एक शब्दही बोलू नये असे सुचवले होते, आणि ते शहाणपणाचे ठरले, कारण पुढची पाऊण तास मुले आपसांत भांडत होती: जिंकणारा दुसरा असला तरी द्यावे का, दुसऱ्या फेरीतच लिपी दिली असती तर तिला जास्त भाव मिळाला असता का, आणि कुलूप लावायचेच होते तर वाचक आधी का तयार केला नाही. शेवटचा प्रश्न तिनेच काढला. पुढच्या डावात तिने पहिल्या दोन फेऱ्यांत कोणताही मोठा पत्ता धरला नाही; शिष्य धरले आणि लिप्या वाटल्या. मागे जे पत्ते गड्डीत फेकले जात होते त्यांच्यासाठी आता घासाघीस होऊ लागली. खोलीत आवाज वाढला, आणि शिष्याच्या एका पत्त्यासाठी दोन नाणी मागणारी मुले पाहून मला मनापासून आनंद झाला.

मोडीचा कागद आणणाऱ्या मुलाच्या आजोबांशी सरांनी बोलून घेतले. कागदाचे छायाचित्र काढून मोडी जाणणाऱ्या व्यक्तीकडे पाठवायचे ठरले, आणि वाचनालयाने मोडीच्या बाराखडीचे पुस्तक मागवले. दोन मुली ती गिरवू लागल्या आहेत. याचे श्रेय संपूर्णपणे खेळाला द्यावे असे मी म्हणणार नाही. कागद घरचा होता आणि कुतूहल आधीपासूनच होते.

न सुटलेले भाग

रचना अजून पूर्ण झालेली नाही. तळी व बांधकाम या प्रकाराला नवा नियमही पुरता न्याय देत नाही. पाळ घालण्याची विद्या लिपीने उघडत नाही, ती हाताखाली राहून शिकावी लागते. म्हणून या पत्त्यांना लिपीच्या जागी सलग दोन फेऱ्या एकच शिष्य लागावा, अशी सूचना आली आहे. तिच्यामुळे हे पत्ते फार महाग होतात आणि मुले ते धरतच नाहीत. गुण चारावरून सहावर नेऊन पाहायचे आहे.

दोघांच्या डावात मुख्य नियमच अडखळतो. तिघे किंवा चौघे असले की लिपी घेणारा कोणीतरी सापडतो आणि देवाणघेवाणीचा सौदा जुळतो. दोघेच असले की मागे असलेला खेळाडू पुढच्याची लिपी घ्यायला नकार देतो, कारण नकारातच त्याचा फायदा असतो, आणि डाव सामाईक अटीवर येऊन बुडतो. यासाठी मध्ये ‘वारस’ नावाची एक गड्डी ठेवण्याचा प्रयोग सुरू आहे. तिच्यात ठेवलेली लिपी कोणाच्याही मालकीची नसते, वाचकाचा गुण कोणालाच मिळत नाही, आणि ठेवणाऱ्याला पुढची एक फेरी सोडावी लागते. फेरी सोडण्याची ही किंमत अजून जास्त वाटते. ती एका नाण्यावर आणावी असे मॅडमचे मत आहे, सरांना ती तशीच हवी आहे, आणि दोन्ही प्रकारांनी दिवाळीच्या सुटीत खेळून पाहायचे ठरले आहे.